सुदाममामाचे कान आणि माझं पत्रक

बातमी आली तेव्हा मी अकोल्याच्या एका छापखान्यात उभ्या उभ्या प्रूफ तपासत होतो. अमरावतीहून आलेल्या यष्टीचा ड्रायव्हर खाकी कपड्यांतच दारातून डोकावला आणि म्हणाला, "सुदाम मिस्त्रीचे भाचे तुमीच ना?" मी मान हलवली. "मिस्त्री गेले. काल दुपारी. सकाळी नेलं बी. तुमच्या मामीनं निरोप देला." मग जायला वळला, पण गेला नाही. दाराची चौकट धरून उभा राहिला. "लय कान होता त्या मानसाले," म्हणाला. "गाडी लांबून आली का सांगे, कुठं दुखते तिचं." एवढं बोलून तो गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. पायाने दाबायचं छपाईचं यंत्र मागे चालूच होतं आणि त्याच्या एका फेरीत कुठेतरी बारीकसा ठोका पडत होता... टक्, टक्. मी कारागिराला ओरडून सांगितलं, बंद कर ते. तो चमकला. त्याला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. त्या भल्या ड्रायव्हरने माझं पत्रक वाचलेलं नसावं. ज्यांनी वाचलं, त्यांच्यापैकी कोणीही सुदाममामाच्या कानाची तारीफ केली नसती. आणि ते पत्रक मी लिहिलं होतं.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. सरळ लिहितो, कोणाला झोंबलं तर झोंबू दे म्हणतो. मृत माणसाविषयी गोड लिहायची रीत मला ठाऊक नाही आणि ज्या माणसाविषयी लिहायचं तो माझा सख्खा मामा. शिकायला अमरावतीला आलो तो त्यांच्याच घरी राहिलो, त्यांच्याच घरची भाकर खाऊन वाढलो. बडनेऱ्याच्या रस्त्यावर टिनाची एक शेड, तिच्या मागे दोन खोल्यांचं घर. शेडमध्ये मोटारी. साध्यासुध्या नाहीत, लढाईच्या आधीच्या, काही तर माझ्या जन्माच्या आधीच्या. लांब नाकाच्या, बाहेर काढलेल्या डोळ्यांसारख्या दिव्यांच्या, पायऱ्यांच्या. त्यांचे सुटे भाग आता विलायतेतून येत नाहीत आणि मुंबईच्या बाजारातही मिळत नाहीत, म्हणून बाकीचे गॅरेजवाले त्यांना हात लावत नसत. मामा लावत. जळालेलं बेअरिंग ते स्वतः पांढरा धातू वितळवून ओतायचे आणि मग तासन्‌तास खरवडून बसवायचे. एका वकीलसाहेबांच्या काळ्या मोटारीच्या चाकांना लाकडी आरे होते. वैशाखात आमच्याकडचं ऊन असं की ते आरे आखडायचे, चाक करकरायला लागायचं. मामा चारही चाकांना ओली गोणपाटं गुंडाळायचे आणि दर दोन तासांनी त्यांवर लोट्याने पाणी टाकायचे. मामी म्हणायची, "माह्या डोक्यावर कधी असी ओली पट्टी ठेवली नाई यायनं." मामा हसायचे. तेव्हा वाटायचं, ऐकून हसले. आता वाटतं, तिचं तोंड बघून हसले.

साठीच्या पुढे गेले तरी त्यांचं काम थांबलं नाही. गुडघे गेले होते, गाडीखाली सरपटता येत नव्हतं, म्हणून त्यांनी शेडमध्ये एक खड्डा खणून घेतला आणि त्यात उतरायला दगडाच्या तीन पायऱ्या केल्या. हात थरथरायचा. चहाचा पेला तोंडाशी नेताना दोन थेंब छातीवर सांडायचेच. पण त्याच हातात पाना दिला की थरथर बंद. मी हे शंभरदा पाहिलं आहे. एकदा मी म्हणालो, "मामा, आता बस करा. पोट्टे नोकरीले लागले, काय कमी हाय?" तेव्हा ते इंजिनच्या टॅपेटची फट बोटाने चाचपत होते. म्हणाले, "इंजिन सुरू होते ना बे, तवा वकीलसायेब गाडीकडं नाई पायत. माह्या तोंडाकडं पायते. मी मान डोलावली का त्याचा जीव भांड्यात पडते. तेवढ्या वक्ताले सायेब कोन अन् मिस्त्री कोन?"

हे वाक्य मला तेव्हा पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर रागच आला होता. कारण त्याच वकीलसाहेबांच्या घरी मामांची कपबशी वेगळी, मोटारखान्याच्या कोनाड्यात उपडी घातलेली, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. छप्पन साली आम्ही सगळ्यांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली. परत आल्यावर मामा कामाला गेले ते पिशवीत स्वतःचा पितळी पेला घेऊन. कोनाड्याकडे बघितलं नाही. पेला काढून वकीलसाहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कपाच्या शेजारी ठेवला आणि म्हणाले, "चा यातच द्या बाई." बाईंनी दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. झालं. त्यावर ना वाद, ना सभा. मी मात्र महिनाभर धुमसत होतो की मामांनी ती कपबशी फोडली का नाही.

त्यात माझ्या डोळ्यात खुपणारी दुसरी गोष्ट होती ती त्यांच्या चपलांची. गाडीत बसण्याआधी मामा चपला काढायचे. कोणाचीही गाडी असो, चालवायला बसायचं तर अनवाणी. चपला सीटखाली सरकवायच्या आणि उघडे तळपाय गाडीच्या तळाच्या लाकडी पाटीवर टेकवायचे, मग इंजिन सुरू. आता आमच्या बापजाद्यांनी कोणाकोणाच्या दारापुढून चपला हातात घेऊन जायचं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माझा संताप वेगळा समजावून सांगायला नको. आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी आपल्या आजोबांना विचारावं. मी जाहीर सभांमधून मान ताठ ठेवायला सांगत फिरायचो आणि माझा मामा साहेबाच्या मोटारीत देवळात शिरल्यासारखा अनवाणी बसायचा. एका कार्तिकात मी त्यांना आडवंच घेतलं. "मामा, तुमी सायबाच्या गाडीत चपला काऊन काढता? दीक्षा घेतली ना आपन? कोनाची भीती हाय आता?" "भीती नाई बे," ते म्हणाले. "मंग काय हाय?" "सवय हाय." "हे सवयच तर मोडाची हाय!" मी ओरडलो. आवाज चढलेला बघून मामी आतून बाहेर आली. मामा तिच्याकडे बघून थोडंसं हसले आणि म्हणाले, "बरं. पत्रकवाले म्हनतेत तर घालू चपला."

तीन दिवसांनी वकीलसाहेबांचं कुटुंब कौंडण्यपूरच्या यात्रेला निघालं. काळी मोटार, मामा चालवायला. मलाही यात्रेत पत्रकं वाटायची होती. वकीलसाहेब म्हणाले, "बसू द्या भाच्याला पुढे," आणि मी पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मामांच्या शेजारी बसलो. मामा चपला घालून बसले होते. नवी कोरी, करकरणारी जोडी, माझ्या हट्टाखातर घेतलेली. मला काय आनंद झाला होता! गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला पांढरा कापूस, मागे बायकापोरांच्या गप्पा. कुऱ्हा गाव ओलांडल्यावर थोड्या वेळाने मला तो आवाज ऐकू आला. टक्. मग पुन्हा टक्, टक्... इंजिनच्या पोटातून, कोणी आत बसून बोटाने दार ठोठावतंय असा. मी मामांकडे बघितलं. त्यांचा चेहरा स्वस्थ होता, नजर रस्त्यावर. मला वाटलं, त्यांना समजलंच असणार, त्यांच्यासारख्या माणसाला मी काय सांगणार? म्हणून मी गप्प बसलो. जिथे तिथे तोंड उघडणारा मी, त्या दहा मिनिटांत तेवढा गप्प बसलो. ठोका वाढत गेला. मागून वकीलसाहेब काही म्हणणार तेवढ्यात खालून एक फाटल्यासारखा आवाज आला, गाडीने आचका दिला आणि ती थांबली. काळ्या मातीत तेलाची धार लागली. बेअरिंग जळून गेलं होतं.

वकीलसाहेब उतरले. रागावले नाहीत, तो माणूस रागावणारा नव्हताच. नुसतं म्हणाले, "मिस्त्री, आज लक्ष नव्हतं का?" मामांनी खाली बघितलं. "चूक झाली सायेब." पंचवीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं असेल. मंडळी बाभळीच्या सावलीला जाऊन बसली, कोणीतरी गाडी ओढायला बैलजोडी आणायला जवळच्या गावात गेलं. मी बॉनेटजवळ गेलो आणि हळू आवाजात विचारलं, "मामा, तुमाले आवाज नाई आला? मले आला. केवढा तरी वेळ येऊन राहिला होता." त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि त्या क्षणी मला कळलं. मग ते पायरीवर बसले, एक चप्पल काढली, दुसरी काढली, तळपाय तापलेल्या मातीवर टेकवले आणि म्हणाले, "माहे कान तुनं चपलीत घातले बे, भाच्या." आणि हसले. त्यांचं ते हसू मला अजून सोडत नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तिथेच त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी अठरा वर्षं ते अकोल्याला कापसाच्या एका जिनात होते, इंजिनखोलीत. मोठं तेलाचं इंजिन, वर पत्र्याचं छत, हंगामात दिवसरात्र चालू. आधी कानात शिट्टी वाजायची, घरी आल्यावरही. मग डावा कान गेला, अमरावतीला आल्यावर उजवाही हळूहळू गेला. "सात-आठ वर्सं झाली असन. मानसाचं तोंड पायलं का समजते काय म्हनते थे. अन् गाडीचं पायातून समजते. इंजिनचं दुखनं पाटीतून वर येते, तळपायाले लागते. लय बारीक असलं तं लाकडी काडी दातात धराची अन् तिचं टोक इंजिनले लावाचं. दाताले खोटं बोलता येत नाई." मी विचारलं, "मंग सांगितलं काऊन नाई कोनाले?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी शाळेत जाणारं पोरगं आहे. "बहिऱ्या मिस्त्रीले कोन गाडी देते बे?"

महिनाभरात मामांनी ती मोटार पुन्हा उभी केली. बेअरिंग ओतलं, खरवडलं, बसवलं. चालवायला बसले ते अनवाणी. मी बघत होतो आणि पहिल्यांदा मला दिसलं की त्यांच्या पायाची बोटं पाटीवर कशी पसरतात, वाकतात, थांबतात. इतकी वर्षं मी त्या पायांमध्ये गुलामी वाचत होतो. इंजिन सुरू झालं, वकीलसाहेबांनी मामांच्या तोंडाकडे बघितलं. मामांनी मान डोलावली.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच पेटलं होतं. कापसाचे डोंगर जिथे पडलेले असतात, तिथे अठरा वर्षं राबणाऱ्या माणसाच्या कानात घालायला कोणी बोटभर बोळा देत नाही! या अन्यायाला काय नाव द्यायचं? मी अकोल्याला गेलो, तीन-चार जिनांमधल्या जुन्या कामगारांना भेटलो, इंजिनखोलीतून बहिरे होऊन बाहेर पडलेले आणखीही निघाले. पत्रक एका बैठकीत लिहून झालं. अजूनही मी म्हणेन की त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मागणी योग्य होती, आजही योग्य आहे आणि आजही कोणी ती मान्य केलेली नाही. पण आम्हा पत्रकवाल्यांना शिकवलेलं असतं की निनावी पत्रक म्हणजे अफवा. नाव द्या, गाव द्या, वर्षं द्या, म्हणजे मालकाला नाकारता येत नाही. बाकीचे कामगार म्हणाले, आमचं नाव नको. त्यांना अजून मजुरी करायची होती. त्यांचं मी ऐकलं. मामांना विचारलंच नाही. सुदाम मिस्त्री, बडनेरा रस्ता, अमरावती. दोन्ही कान निकामी. सगळ्यात वर, जाड टाइपात. ते 'सांगू नको' असं काही म्हणाले नव्हते, या एका गोष्टीला मी पुढे कितीतरी दिवस धरून बसलो होतो. माणूस स्वतःला वाचवण्यासाठी कशालाही धरतो.

जिनांच्या फाटकांवर दोन दिवस गर्दी झाली. एका मॅनेजरने दोघांना बोलावून दम दिला, तिसऱ्या दिवशी सगळं थंड. मालकांचं काहीही वाकडं झालं नाही. पण पत्रक यष्टीने अमरावतीला पोचलं, कचेरीत पोचलं, वकिलांच्या खोलीत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. आठवड्याच्या आत वकीलसाहेब टांग्याने शेडवर आले. बरोबर नारळ आणि शेला. मी तिथे होतो. ते मामांच्या पुढ्यात उभे राहिले आणि तोंडाला हाताचा आडोसा करून ओरडले, "मिस्त्री! तुम्ही! आता! आराम करा!" पंचवीस वर्षं हा माणूस त्यांच्याशी साध्या आवाजात बोलत होता आणि मामा साध्या आवाजात उत्तर देत होते. कुठेही काही अडलं नव्हतं. आता तोंडापुढे हात आल्यामुळे मामांना ओठच दिसेनात. ते गोंधळले, म्हणाले, "काय म्हनता सायेब?" वकीलसाहेब दुःखाने माझ्याकडे वळून म्हणाले, "अरेरे, अगदीच गेलं की हो." शेला त्यांनी स्वतःच्या हाताने घातला. मी अनेक जुलमी माणसांविरुद्ध लिहिलं आहे, पण त्या सज्जन माणसाच्या शेल्याइतकं क्रूर मी काही पाहिलेलं नाही. आणि त्याच्याविरुद्ध पत्रक काढायची सोय नव्हती, कारण त्याच्या हातात तो शेला मीच दिला होता.

त्यानंतर सगळं गाव मामांशी ओरडून बोलायला लागलं. भाजीवाली ओरडायची, पोस्टमन हातवारे करायचा. पोट्टे मागून टाळ्या वाजवून बघायचे. गाड्या मात्र एकेक करून यायच्या थांबल्या. अकोल्याच्या एका डॉक्टरांची मोटार दर तीन महिन्यांनी यायची, ती शेडसमोरून पुढे निघून गेली, नव्या स्टँडजवळच्या गॅरेजात. डॉक्टरांनी काचेतून हात केला. मामांनीही केला. मामी एकदा जेवताना ताटात भाकर टाकत म्हणाली, "तुले लिहाची लय घाई असते, बापा."

शेवटी एका सकाळी मी शेडमध्ये गेलो. माफी मागायची, असं मनाशी ठरवून गेलो होतो. मामा बाकावर बसले होते. समोर लोखंडी झाकण आणि हातात माझं पत्रक. तेच. मी म्हणालो, "मामा, माह्या हातून..." त्यांनी माझे ओठ वाचले आणि पुढचं बघायचं नाही म्हणून मान खाली घातली. पत्रक झाकणावर पसरलं, छोटी हातोडी घेतली आणि कडेकडेने हलके ठोके द्यायला लागले. झाकणाच्या फटीतून तेल गळू नये म्हणून लावायचं कागदाचं गॅस्केट असंच कापतात. लोखंडाच्या धारेवर कागद ठेवून ठोकत गेलं की नको तेवढा भाग आपोआप तुटून पडतो. हात अजिबात थरथरत नव्हता. मधला भाग पडला, बोल्टांची भोकं पडली. मथळ्याचा अर्धा, मागण्यांचा थोडा, आणि जाड टाइपातलं त्यांचं नाव, सगळं खाली मातीत. राहिली ती फक्त एक कागदी कड. ती त्यांनी उजेडात धरून बघितली, तेल लावलं, झाकणाला चिकटवली. "कागद चांगला हाय," म्हणाले. "तेल पेत नाई." त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. मला शिक्षा झाली की माफी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी वकीलसाहेबांनी नवी गाडी घेतली. काळ्या मोटारीपुढे नव्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. ती बैलांनी ओढत आणून त्यांनी मामांच्या शेडमध्ये सोडली. "पडू द्या इथंच," म्हणाले, ओरडून. मामांना ओरडणं समजलं नसेल, पण गाडी समजली. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्यावर बसले. तिला ना नंबर राहिला होता ना पेट्रोल, रस्त्यावर ती कधी जाणार नव्हती. तरी रोज सकाळी ते खड्ड्यात उतरायचे, एकेक भाग काढून, धुऊन, पुसून पुन्हा जागेवर बसवायचे. वैशाखात चाकांना ओली गोणपाटं गुंडाळायचे. मी कोणाला सांगितलं असतं तर म्हातारा भ्रमिष्ट झाला असं म्हणाले असते. म्हणून या वेळी मी कोणाला सांगितलं नाही.

शेवटचं भेटलो ते यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. मामा काळ्या मोटारीत बसलेले, अनवाणी, डोळे मिटलेले. ती लाकडी काडी दातांत, दुसरं टोक सुकाणूच्या खांबाला लावलेलं. इंजिन बंद. शेडमध्ये एवढी शांतता की पत्र्यावर चिमणी चालली तर ऐकू यावी. मी शेजारी बसलो. सीट हलली तसे त्यांनी डोळे उघडले, काडी काढली आणि म्हणाले, "बैस. रेंगी चालली रस्त्यानं. जड हाय. सरकी भरली असन." मी वळून बघितलं. शेडसमोरून खरंच एक बैलरेंगी चालली होती, पोत्यांनी भरलेली. "आता यष्टी येईन," म्हणाले, पुन्हा काडी दातात धरून. मी वाट बघत राहिलो. मला काही ऐकू येत नव्हतं. मग कितीतरी वेळाने बडनेऱ्याकडून घरघर आली आणि यष्टी धूळ उडवत गेली. जमिनीतून गाडीत, गाडीतून काडीत, काडीतून दातांत... गाव असं त्यांच्याकडे यायचं, न ओरडता. त्यांनी काडी माझ्यापुढे धरली. "दातात धरून पाह्य." मी दातात धरली. सुकाणूला लावली. मला काहीच कळलं नाही. माझ्याच जबड्यात रक्त ठोकत होतं तेवढं कळलं. "काय आलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काई नाई." तर म्हणाले, "तू लय बोलते ना दिवसभर. जरा वेळ लागन."

त्यानंतर दीड महिन्याने ती दुपार. मामी जेवायला बोलवायला गेली तेव्हा ते खड्ड्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलेले होते, पाना हातात तसाच, घट्ट.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी मामांवर लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी मामीकडे गेलो. या वेळी विचारून लिहायचं ठरवलं होतं. म्हणालो, "मामी, कानाचं लिहावं लागन. नाईतर सगळं खोटं होईन." ती तांदूळ निवडत होती. सुपातून मान न काढता म्हणाली, "लिही. आता त्यायच्यापासून कोन गाडी नेते?"

मग उठली आणि शेडकडे गेली, काळ्या मोटारीवरची धूळ पुसायला. शेडचं मागचं दार घरातूनच उघडतं, दोन पावलांवर. पण ती तिथून शिरली नाही. बाहेरून पूर्ण वळसा घालून, उन्हातून, समोरच्या बाजूने आत गेली. मी मागच्या दारात येऊन विचारलं, "मामी, असं काऊन? हे दार तर इथंच हाय." ती थबकली. मलाच वेड्यात काढल्यासारखं बघून म्हणाली, "मागून गेलं का दचकते थे." मग तिलाही आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. ती फडकं घेऊन पुसायला लागली... आणि मला आठवत गेलं की त्या घरात मामेभाऊ, सुना, नातवंडं, सगळेच मामांशी बोलायचं तर आधी फिरून त्यांच्या समोर जायचे. इतकी वर्षं. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. तेवढ्या घरात दारात उभा राहून त्यांच्या पाठीशी भाषण करणारा मी एकटाच होतो.

मामीची पाठ माझ्याकडे होती. तिला सांगायचं होतं की निघतो आता, अकोल्याची यष्टी चुकेल. मी मागच्या दारातून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चपला तिथेच काढल्या, उन्हातून वळसा घातला, आणि समोरून आत गेलो.